दारापासून निघालेली चंची

हिवरखुट्याच्या चावडीत शेषरावची जागा ठरलेली होती. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, जिथं सगळ्यांच्या वहाणा पडतात तिथून एक हात आत. कोणी ती त्याला नेमून दिली नव्हती, पण मिसरूड फुटल्यापासून तो तिथंच बसत आला आणि पंचेचाळिशी उलटली तरी पुढं सरकावं असं काही त्याच्या मनात आलं नाही. चावडीत पानसुपारीची चंची फिरायची, तिचाही रस्ता ठरलेला. आधी अर्जुनराव पाटील, मग त्यांच्या शेजारचे मोठे जमीनवाले, मग मधले, आणि सगळ्यांच्या शेवटी दाराजवळचे. शेषरावपर्यंत येईस्तोवर कापडी कप्प्यांत पानाचे देठ आणि सुपारीचा चुरा तेवढा उरायचा. तो चुरा तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची आणि तोंडात टाकायचा. "शेषराव, तुले अख्खी सुपारी देली तं तू तिले ओळखशील का बे?" असं शेजारी बसणारा गुलाबराव विचारायचा, आणि शेषराव नुसता हसायचा.

बोलण्यात तो भारी कंजूष. पोरगी अन्नपूर्णा डोणगावला दिली, त्या लग्नात वरपक्षाकडची माणसं दोन दिवस मांडवात होती, आणि जाताना त्यांनी विचारलं म्हणे, पोरीचा बाप कुठाय? तो त्यांच्याच बैलांना वैरण टाकत होता. असल्या माणसाला गावाचा पुढारी म्हणून सरकारी शिबिराला पाठवलं, हे ऐकून कोणालाही हसू येईल. गावालाही आलं होतं.

त्याचं झालं असं. महाराष्ट्र होऊन चार वर्षं होत आली होती. पंचायत समित्या नव्यानंच निघाल्या होत्या आणि नव्या सुनेसारखा त्यांना कामाचा मोठा उत्साह होता. पौषात चिखलीच्या समितीकडून कागद आला, की गावातला एक होतकरू पुढारी सात दिवसांच्या शिबिराला पाठवावा, राहणं-जेवण समितीचं. ग्रामसेवकानं कागद वाचून दाखवला. अर्जुनराव पाटील गावचे पाटीलही आणि सरपंचही. त्यांनी ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पुढारी तं मी हाय. मले आता कोन काय शिकवनार?"

"हो पाटील," चावडी म्हणाली.

"पन नाव तं धाडा लागते. असं करू. बोलायले मी हावोच, शिकायले शेषराव जाऊ द्या. तेची बायको मळा सांभाळतेच, तेचं इथं काही अडत नाही."

"हो पाटील," चावडी पुन्हा म्हणाली आणि मग मोठ्यानं हसली.

या 'हो पाटील'नंच गावाचं वाटोळं केलं होतं, पण ते कोणाला कळत नव्हतं. हिवरखुट्याला पाणी नव्हतं. होळीला विहिरी तळाला जायच्या आणि तिथून पुढं बायका अर्ध्या कोसावर नाल्यात झिरे उकरत बसायच्या. वाटीवाटीनं हंडा भरायचा. आसपासच्या गावांत पोरी देताना माणसं विचार करायची. तीस-तीस वर्षांचे बाप्ये बिनलग्नाचे फिरत होते. समितीचा ओव्हरसियर दीडेक वर्षापूर्वी येऊन नाला फिरून गेला होता. इथं तळं होऊ शकतं म्हणाला. पण जागा गावानं एकमतानं ठरवायची, जमीनवाल्याची संमती आणायची आणि मातीकाम निम्मं श्रमदानानं करायचं. पाटलांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की आपल्या आमराईखाली बांधा. चावडीनं हो म्हटलं. ठरल्या दिवशी टिकाव-घमेली घेऊन सात माणसं आली, त्यांतले चौघं पाटलाचे सालदार. पुढच्या वर्षी पुन्हा तोच ठराव, पुन्हा एकमत, आणि आली पाच माणसं. आता ओव्हरसियर वैतागला होता. या होळीच्या आत जागा ठरली नाही तर तळं दुसऱ्या गावाला जाईल, असं तो तोंडावर सांगून गेला होता.

तर शेषराव शिबिराला गेला. उंद्रीपर्यंत चालत, तिथून एस.टी.नं चिखली. शाळेच्या इमारतीत चाळीसएक गावांची माणसं जमली होती. टोप्या, फेटे, कोणी नवा कोट शिवून आलेला. शिकवायला नारायणराव नावाचे गृहस्थ होते. खादीचा सदरा, अंगानं काटकुळे, आणि रागीट इतके की कोणी जांभई दिली तरी त्याला उभं करायचे. सकाळी झाडलोट, मग शोषखड्डे खणणं, दुपारी सोसायटी म्हणजे काय, ग्रामपंचायत म्हणजे काय. शेषराव सगळं ऐकत होता. त्याला आवडतही होतं, पण विचारलं तर काय आवडलं हे सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी नारायणरावांनी एकेकाला पुढं बोलावलं. समजा हे तुमचं गाव, म्हणाले, भरवा सभा. झालं! जो तो उठून भाषण ठोकू लागला. बंधूंनो आणि भगिनींनो म्हणायचे, तिथं भगिनी एकही नव्हती. शेषरावची पाळी आली. तो पुढं गेला आणि कसाबसा म्हणाला, "गावाले पानी नाही. काय कराव?"

पुढचं काही येईना. जीभ टाळ्याला चिकटली. तो तसाच उभा. लोक बघतायत, हा उभा. एक जण खोकला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "विहीर खोल केली का?" दुसरा म्हणाला, "खोल करून काय होते, झरे आटले असतील." तिसरा आपल्या गावचं सांगू लागला. घटकाभरात चाळीस माणसं हिवरखुट्याच्या पाण्यावर बोलत होती आणि शेषराव आपला घाम पुसत होता.

नारायणराव टुणकन उठले. "बघा! आज पहिल्यांदा सभा झाली. पुढाऱ्यानं प्रश्न मांडायचा आणि गप्प बसायचं. सगळ्यांचं ऐकायचं आणि शेवटी बोलायचं. सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं. एक माणूस जरी राहिला तरी ती सभा नव्हे, तो बाजार."

शेषरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती काही युक्ती नव्हती, शुद्ध घाबरगुंडी होती. पण ते सांगायलाही तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून तो गप्पच राहिला. ते शब्द मात्र त्याच्या डोक्यात जाऊन बसले. परत येताना उंद्रीपासून पायवाटेनं तो ते घोळवत आला. सगळ्यांचं ऐकायचं आणि शेवटी बोलायचं. आपल्या चावडीत हे कसं जमावं? तिथं तर पाटलांच्या आधी बोलायची रीतच नाही.

घरी आल्यावर त्यानं सुभद्राबाईला एक चंची शिवायला सांगितली.

"काऊन? आता पानं खाऊन भाषनं देता का काय?" ती म्हणाली. सुभद्राबाई त्याच्या अगदी उलट. तिचं तोंड म्हणजे वाहता पाट. पण हातही तसाच चालायचा. जुन्या खणाच्या तुकड्यांची चार कप्प्यांची चंची तिनं एका दुपारी शिवली, आणि उंद्रीच्या बाजारात वांगी विकून येताना पावशेर सुपारी आणून तिच्यात भरली.

माघाच्या शेवटी शेषरावनं पाटलांना सांगून चावडीत सभा बोलावली. पाटील मजेत होते. "दाखव बापा, काय शिकून आला ते," म्हणाले. तीसेक माणसं जमली. दिवस कलला होता, गुरं घरी येत होती. शेषराव आपल्या नेहमीच्या जागेवरून उठला आणि म्हणाला, "गावाले पानी नाही. काय कराव?" यावेळी मात्र त्यानं पुढचंही पाठ करून आणलं होतं. "हे चंची फिरंल. जेच्या हाती चंची, तेनं बोलाव. बाकीच्यायनं आयकाव. न बोलता कोनी पुढं द्यायची नाही."

आणि त्यानं चंची दाराशी बसलेल्या गुलाबरावच्या हातात दिली.

हिवरखुट्याच्या चावडीत असं कधी झालं नव्हतं. गुलाबरावनं चंची अशी धरली, जणू तिच्यात विंचू असावा. पाटील ताडकन उभे राहिले. "शेषराव! मह्याच चावडीत मले चंची उलट्या बाजूनं? हे शिकवलं का तुले सरकारनं?"

शेषराव दाराकडं एक पाऊल मागं सरकला. पण बोलणं भाग होतं. "नाही पाटील. तिथं सांगतलं का मोठ्यानं शेवटी बोलाव. धाकल्यायचं आयकून मंग. तुमच्या मागून बोलनारा फक्त मी, कारन विचारनारा मी हाय."

आता पाटील तापट होते, पण माणूस काही वाईट नव्हता. शिवाय एक गोष्ट त्यांना आतून टोचत होती. दोनदा सगळ्यांनी हो म्हटलं आणि दोनदा कोणी आलं नाही, ते का, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. ते बसले. पूर्ण टेकून नाही, कडेला बसले.

गुलाबरावनं चंचीत हात घातला. अख्खी सुपारी बाहेर काढली, इकडून तिकडून पाहिली, अडकित्त्यानं कातरली आणि तोंडात टाकली. मग म्हणाला, "पाटील, राग धरू नका. दोनदा हो म्हनलं मी. पन आमराईखाली नाला पसरट हाय, तिथं तळ्याची पाळ घालता घालता आपली हयात जाईन. आन् खरं सांगू का, तुमच्या आंब्यायले पानी पाजाले मी माती काऊन वाहू?"

बाप्पा! पाटील बोलणार, एवढ्यात शेषरावनं हात जोडले आणि चंचीकडं बोट दाखवलं. पाटलांनी ओठ मिटले. चंची पुढं गेली. दुसरा बोलला, तिसरा बोलला. एकाची जीभ सुटली की दुसऱ्याची सुटायला वेळ लागत नाही. आणि चौथ्या माणसानं, खाली मान घालून, ती जागा सांगितली जी प्रत्येकाला माहीत होती आणि कोणी कधी बोललं नव्हतं. "नाला जिथं दोन टेकड्यायच्या मधात अरुंद होते, तिथं पाळ लहान लागंल. तिथंच तळं व्हते. पन तिथं शेषरावचा मळा हाय."

मग पुढचे सगळे तेच म्हणाले. कोणी हळहळत, कोणी सरळ. पाटलांच्या हाती चंची आली तेव्हा त्यांनी बराच वेळ सुपारी चघळली आणि म्हणाले, "मळाच बराबर हाय." आणि चंची शेषरावकडं आली.

हा मळा म्हणजे काय, ते सांगायला हवं. भावाभावांच्या वाटणीत नाल्याच्या वळणावरची दोन एकर शेषरावच्या गळ्यात मारली होती, कारण तिथं नुसते दगड होते. शेषराव वरच्या कोरडवाहू तुकड्यात ज्वारी-तूर करायचा. वळणावर गेली ती सुभद्राबाई. पहिली तीन वर्षं तिनं दगड वेचले. वेचलेल्या दगडांची बांधासारखी ताल रचली, नाल्याचा गाळ टोपलीटोपलीनं आणून आत टाकला, शेणखत घातलं, राख घातली. पोरगी पाठीशी बांधून हे सगळं केलं. पंधरा वर्षांत तिथली माती अशी झाली की मूठ भरली तर बोटांना चिकटायची. वांगी, मिरच्या, कोथिंबीर. सातबाऱ्यावर नाव शेषरावचं, पण गावात कोणीही त्याला सुभद्रीचा मळाच म्हणायचं.

चंची हातात घेऊन शेषराव उभा होता आणि तीस माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती. पंचेचाळीस वर्षांत असं कोणी बघितलं नव्हतं. 'देला' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. म्हटला असता तर चावडी डोक्यावर घेऊन नाचली असती, नारायणरावांनी पुढच्या शिबिरात त्याची गोष्ट सांगितली असती, पाटलांच्या शेजारी त्याची जागा झाली असती. शब्द अगदी ओठांवर आला. तेवढ्यात त्याचा अंगठा चंचीच्या टाक्यावरून फिरला. सुभद्राबाईचा टाका, बारीक आणि आवळून घातलेला.

"मी उद्या बोलतो," तो म्हणाला.

लोक हिरमुसले. पाटील उठता उठता म्हणाले, "सात दिवसात येवढंच शिकवलं व्हय? उद्या बोलायचं?" आणि तीही थट्टा शेषराव गिळून गेला.

घरी तिला कळलेलंच होतं. तिनं भाकरी वाढली, पण एक शब्द बोलली नाही. सुभद्राबाई गप्प म्हणजे काय, हे शेषरावलाच ठाऊक. सकाळी ती नेहमीप्रमाणे मळ्यात गेली, तोही मागोमाग गेला. ती वांगी तोडत होती. तो बांधावर बसला.

"काय करू?" त्यानं विचारलं.

"मले काऊन विचारून राह्यले? चावडीत ठरलं ना."

"सगळे बोलले तं खरं."

सुभद्राबाईनं हातातलं वांगं टोपलीत टाकलं, चांगलं आपटून टाकलं. "सगळे? चंची म्या शिवली. सुपारी म्या आनली, मही वांगी इकून. दगडं म्या येचले. आन् सगळ्या गावात फिरली तुमची चंची, मह्याकडं कुठं आली वो ते? मही माती आन् मलेच इचारलं नाही!" मग ती पाठ फिरवून पुन्हा वांगी तोडायला लागली, आणि शेषरावला दिसलं की ती कोवळी, तोडायला न आलेलीही तोडते आहे.

एक माणूस जरी राहिला तरी ती सभा नव्हे. शेषरावनं डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. लाज वाटली त्याला, खरी लाज. शिबिरात भगिनींनो म्हणणाऱ्यांना तो मनातल्या मनात हसला होता, आणि त्याच्या सभेत त्या होत्याच कुठं?

संध्याकाळी चावडी कालच्यापेक्षा जास्त भरली. शेषराव उठला आणि म्हणाला, "सभा कालची संपली नाही. एक मानूस राहलं." आणि दाराकडं पाहून त्यानं हाक मारली. सुभद्राबाई डोक्यावरचा पदर सावरत आत आली.

गलका झाला. बायामाणसाचं चावडीत काय काम, कोणी म्हणालं. पाटलांनी कपाळाला हात लावला. "शेषराव, आता हेही सरकारनंच शिकवलं का?"

"सगळे म्हनजे सगळे, येवढंच शिकवलं पाटील. मलेच उशिरा समजलं."

त्यानं चंची तिच्या हातात दिली. ती दाराशी, वहाणांपासून एक हात आत, त्याच्याच जागेवर बसली. कप्पा उघडला, आतली शेवटची अख्खी सुपारी काढली. अडकित्ता घेतला. कट्, कट्, कट्. सावकाश कातरली. तोंडात टाकली. तीस-चाळीस बाप्ये तिच्याकडं बघत थांबले होते. बाहेर कोणाची तरी गाय हंबरत होती. तरी ती बोलेना. शेषरावला वाटलं, आता ही नाही म्हणते. आणि म्हणाली तर म्हणू दे, असंही त्याला वाटलं.

"तळं तिथंच करा," सुभद्राबाई म्हणाली.

तिनं चंची मांडीवर ठेवली.

"ते जागा मह्यासारखी कोनाले माहीत नाही. चैतातही मळ्यात दोन हात उकरलं का रेती वली लागते. पंधरा वर्सं म्या कोनाले सांगतलं नाही, लोकं झिरे उकराले मह्या मळ्यात येतीन म्हनून. पानी तिथं थांबते. पन मही माती बुडू देनार नाही मी." आता तिचा आवाज चढला. "पाळीच्या खाली पाटलाची खडकाची पट्टी हाय. दहा वर्सं नांगर नाही लागला तिले. ते मले लेहून द्या. आन् पाळीचं टोपलं उचलायच्या आधी मह्या मळ्यातली वरची हातभर माती गाड्यायनं त्या पट्टीत नेऊन टाका. घरटी एक गाडी. तेच पयलं श्रमदान. जो येनार नाही, तेच्या बायकोले मी तळ्यावर पानी भरू देनार नाही." 

शेवटच्या वाक्याला चावडी हसली, पण पाटलांकडं बघून हसू आवरलं. कारण चंची तिनं उठून थेट पाटलांपुढं धरली होती.

पाटलांनी ती घेतली. या चावडीत कालपर्यंत त्यांनी कशाचं उत्तर दिलं नव्हतं, ते नेहमी आधी बोलायचे. त्यांनी कप्प्यांत बोटं घातली. सुपारी संपली होती. चुरा तेवढा राहिला होता. त्यांनी तो तळहातावर घेतला, बघत राहिले, मग तोंडात टाकला.

"शेषराव," ते हळूच म्हणाले, "इतके वर्सं तू हेच खात होता का रे?"

"हो पाटील."

पाटलांनी तळहात धोतराला पुसला. मग खाकरले. "पट्टी देली. ग्रामसेवक, लेहा कागद. आन् पयली गाडी मही."

होळीच्या चार दिवस आधी ओव्हरसियर येऊन जागेवर खुंट्या ठोकून गेला. त्याला वाटलं होतं पाच-सात माणसं दिसतील. तिथं एकोणतीस गाड्या उभ्या होत्या, आणि सगळ्या माती भरून उलट्या दिशेला चालल्या होत्या. हे काय चाललंय, त्यानं विचारलं. पाटलांनी त्याला समजावून सांगितलं, आणि सांगताना ही युक्ती जणू आपलीच असल्यासारखं सांगितलं. आता तेवढं चालायचंच. नऊ दिवस माती वाहिली गेली. सुभद्राबाई दिवसभर खडकाच्या पट्टीवर उभी राहून कुठली गाडी कुठं ओतायची ते सांगत होती आणि गुलाबरावला तिनं दोनदा परत पाठवलं, कारण त्यानं खालचा मुरूम भरून आणला होता. मग पाळीचं काम सुरू झालं. त्या उन्हाळ्यात गावातला एकही धडधाकट माणूस घरी बसला नाही. बायका तर बसल्याच नाहीत.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला तळं काठोकाठ होतं. समितीनं छोटासा समारंभ केला. नारायणराव आले, त्यांनी शेषरावला हार घातला आणि बोलले, की हा आमच्या शिबिराचा विद्यार्थी, यानं आपली सोन्यासारखी जमीन गावाला दिली, पुढारी असा असावा. टाळ्या पडल्या. शेषराव हार गळ्यात घेऊन उभा होता आणि त्याची मान खाली चालली होती. ही गोष्ट खोटी आहे हे सांगावं असं त्याला फार वाटलं. पण नेहमीप्रमाणे जीभ टाळ्याला चिकटली.

लोक पांगल्यावर तो पाळीवर गेला. सुभद्राबाई तिथं बसली होती. रोज दिवस कलताना ती तिथं येऊन बसायची. पाण्याकडं बोट करून आपल्याशीच पुटपुटायची, इथं वांगी, इथं मिरच्या, ते तिथं रचलेली ताल, तिथं अन्नपूर्णाचा झोका बांधायची मी. शेषरावनं गळ्यातला हार काढला आणि तिच्या शेजारी ठेवला.

"हा तुहा हाय," तो म्हणाला. "तुले एक सांगायचं राहलं. त्या दिवशी चंची मह्या हाती आली ना, तवा मी देऊन टाकनार होतो. तुले न इचारता. तोंडावर आलं होतं. मोठा व्हायचं होतं मले."

"माहीत हाय मले," सुभद्राबाई म्हणाली. "तुमचं तोंड पाह्यलं होतं म्या, घरी आले तवा."

"तरी तू हो म्हनली?"

तिनं हारातलं एक फूल तोडलं, पाण्यात टाकलं. बराच वेळ ती बोलली नाही, आणि शेषराव थांबला. थांबणं त्याला येत होतं.

"मी नाही म्हनाले आली होती," ती म्हणाली. "घरून निंगतांनी ठरवूनच आली होती, का सगळ्यायच्या तोंडावर नाही म्हनायचं आन् उठून यायचं. मंग मी सुपारी कातरत बसली. मुद्दाम कातरत बसली, तुमाले सगळ्यायले बसवून ठेवाले. आन् पाह्यते तं तुमी बी थांबले, पाटील बी थांबले. कोनी म्हनलं नाही का, लवकर बोल वो बाई. जल्मात मह्यासाठी कोनी असं थांबलं नव्हतं." तिनं पदरानं डोळे पुसले. "मंग ते नाही म्हनायचं राहूनच गेलं."